कल्पनारम्य भूमिकाखेळाचे प्रकाशन: एकच जाड ग्रंथ, तीन खंड की छोटी पुस्तिका?

प्रश्न: शाहूपुरीकर

सर्वांना नमस्कार.

गेली काही वर्षे मी मराठीत एक टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक भूमिका घेऊन गोष्ट रंगवण्याचा खेळ, लिहीत होतो आणि त्याचे हस्तलिखित आता पूर्ण झाले आहे. खेळाची पार्श्वभूमी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका कल्पित राज्याची आहे. तिथे घाटवाटांवर जकातीची नाकी आहेत, न तोडलेल्या देवराया आहेत, वेताळ, मुंजे, हडळी आणि देवचार यांचे आपापले मुलूख ठरलेले आहेत, आणि खेळाडू मशालजी, वैदू, पाथरवट किंवा शिलेदार यांपैकी एखादी भूमिका घेऊन या मुलखातून वाट काढतात. खरा इतिहास आणि ऐतिहासिक व्यक्ती मी जाणीवपूर्वक बाहेर ठेवल्या आहेत. उगाच कोणाच्या भावना दुखावण्याचा आणि खुलासे देत बसण्याचा प्रसंग नको. नियम माझे स्वतःचे असून ते फक्त सहा बाजूंच्या साध्या फाशांवर चालतात.

डेमी आकारात मजकूर मांडला तर अंदाजे ४८० पृष्ठे होतात. त्यांत खेळाडूंसाठी नियम, डाव चालवणाऱ्या सूत्रधारासाठी मार्गदर्शन आणि भुताखेतांचा कोश असे तीन भाग आहेत. आता प्रश्न असा की हा मजकूर एकाच जाड, कापडी बांधणीच्या ग्रंथात छापावा, तीन खंडांत विभागावा, की फासे, पत्ते आणि नकाशा यांसह पेटी करून विकावा? पैसे माझ्या बचतीतून घालायचे आहेत आणि कर्ज काढण्याची माझी तयारी नाही. शिवाय पीडीएफ विकावी का, आणि दुसऱ्या लेखकांना माझ्या नियमांवर साहसकथा, म्हणजे एखाद्या डावाची तयार कथानके, लिहिण्याची परवानगी द्यावी का, याबद्दलही जाणकारांनी लिहावे. खेळ इंग्रजीत आणण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. तो मी ऐकून घेतला आहे आणि तूर्त बाजूला ठेवला आहे.

---

उत्तर: लक्ष्मीपुरीतील मुद्रक

शाहूपुरीकर साहेब, खेळातले मला फारसे कळत नाही, परंतु छपाईचा हिशेब कळतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

पुस्तकाचा खर्च पृष्ठांवर मोजू नका, फर्म्यांवर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पृष्ठांच्या गटांवर, मोजा. डेमी आकारात १६ पृष्ठांचा एक फर्मा धरला तर तुमचा ग्रंथ ३० फर्म्यांचा होतो. एकरंगी छपाईत दोन्ही बाजू मिळून फर्म्याला दोन प्लेटा लागतात आणि चौरंगीत आठ, म्हणजे संपूर्ण ग्रंथ एकरंगी केला तर ६० प्लेटा आणि चौरंगी केला तर २४०. या प्लेटांचा आणि यंत्र लावण्याचा खर्च तुम्ही दोनशे प्रती काढा की दोन हजार, सारखाच राहतो. बदलतो तो फक्त कागद, शाई आणि बांधणी यांचा. त्यामुळे दर कमी व्हावा म्हणून माणूस प्रतींची संख्या वाढवतो आणि मग घरातल्या माळ्यावर गठ्ठे ठेवायला जागा शोधतो. मराठीत आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती असा जुना प्रघात होता. आज ललित पुस्तकाचेही प्रकाशक तीनशे-पाचशेवर येऊन थांबलेले मी रोज पाहतो, आणि तुमचे पुस्तक तर विकत घेऊन पुरत नाही, चार माणसे जमवून ते खेळावे लागते.

दुसरी गोष्ट वितरणाची. विक्रेत्याला आणि वितरकाला मिळून छापील किमतीच्या ३५ ते ५० टक्के सोडावे लागतात. समजा किंमत ५०० रुपये ठेवली आणि ४० टक्के सूट दिली, तर तुमच्या हाती ३०० येतात. त्यातून छपाई, चित्रे, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि वाहतूक भागवायची. तेही ‘विकल्यावर हिशेब’ या बोलीवर, म्हणजे सहा-आठ महिन्यांनी. न विकलेल्या प्रती कोपरे मुडपून परत येतात, त्या वेगळ्याच.

पेटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पेटीचा मोह सगळ्यांनाच पडतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. लुडोसारख्या पटावरच्या खेळांवर आणि पत्त्यांवर मात्र आहे. पूर्वी तो १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. वेगवेगळ्या दरांच्या वस्तू एकाच किमतीत एकत्र विकल्या की त्या मिश्र पुरवठ्याला त्यातल्या सर्वांत चढ्या वस्तूचा दर लागतो, म्हणजे करमुक्त पुस्तकसुद्धा पेटीत शिरताच करपात्र होऊन बसते. त्यातच १४ वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) प्रमाणन सक्तीचे आहे, त्यामुळे पेटीवर वयोगट कोणता लिहायचा हाही विचार आधी करावा लागेल. फासे तर कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात आणि तुमचे नियम साध्या फाशांवरच चालतात. मग पेटी कशासाठी? सनदी लेखापालांना एकदा विचारून घ्या, परंतु माझे मत विचाराल तर पहिल्या फेरीत पेटी नको.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. छापील पुस्तकाला आणि ई-पुस्तकाला तो वेगवेगळा घ्यायचा असतो. तीन खंड केले तर तीन क्रमांक, तीन मुखपृष्ठे, तीन बांधण्या. आणि पहिला खंड संपला, तिसरा पडून राहिला, असे झाले तर करणार काय? अपुरा संच कोणी घेत नाही.

---

उत्तर: राजारामपुरीतील सूत्रधार

मुद्रक काकांनी पैशांची बाजू मांडली आहे. मी टेबलाच्या बाजूने लिहिते. महाविद्यालयीन मुलामुलींसाठी मी नियमित डाव चालवते, बहुतेक वेळा इंग्रजी नियमपुस्तके समोर ठेवून आणि बोलणे सगळे मराठीत करून. त्या अनुभवावरून मला एक गोष्ट ठामपणे वाटते: या खेळाचे गिऱ्हाईक खेळाडू नसतो, सूत्रधार असतो. पाच जणांच्या टोळक्यात एकजण पुस्तक विकत घेतो, तो वाचतो, तो इतरांना गोळा करतो आणि तोच समजावून सांगतो. बाकीचे चौघे फार तर फासे आणतात. हा एकजण जिथे तयार होत नाही तिथे खेळ कितीही सुंदर असला तरी तो कपाटातच राहतो. त्यामुळे पहिल्या प्रकाशनाचा उद्देश सूत्रधार तयार करणे हा असावा, आणि कधीही न खेळलेला माणूस ४८० पृष्ठे वाचून सूत्रधार होत नाही.

टेबलावर प्रत्यक्षात काय होते ते पाहा. समजा एक मुलगी पहिल्यांदाच सूत्रधार म्हणून बसली आहे आणि एक खेळाडू विचारतो, “हा मुंजा पिंपळ सोडून आमच्या मागे येऊ शकतो का?” तुमच्या रचनेप्रमाणे उत्तराचा एक तुकडा तिसऱ्या भागातल्या कोशात आहे, भयाचा नियम पहिल्या भागात आहे आणि भुतांच्या हद्दी दुसऱ्यात आहेत. ती एक बोट एका जागी आणि दुसरे बोट दुसऱ्या जागी घालून तिसरी जागा शोधत राहते. तोवर दोघांनी मोबाईल काढलेले असतात आणि एकजण चहा सांगायला उठलेला असतो. डाव तिथेच संपतो, फक्त कोणी तसे बोलून दाखवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की प्रथम ६४ पृष्ठांची, मध्ये पिन मारलेली पुस्तिका काढावी. पिन मारलेली पुस्तिका टेबलावर सपाट उघडी राहते, गोंदाच्या बांधणीचे पुस्तक मिटते. खेळताना हा फरक फार मोठा असतो. सुरुवातीच्या पंधरा-वीस पृष्ठांत लागतील तेवढेच नियम असावेत, त्यानंतर आयत्या तयार केलेल्या पाच-सहा भूमिका आणि उरलेल्या जागेत एकाच संध्याकाळी संपेल असे एक संपूर्ण साहस. त्या साहसातील प्रत्येक ठिकाण समोरासमोरच्या दोन पृष्ठांवर आटोपले पाहिजे: डावीकडे नकाशा आणि पाहताक्षणी दिसणाऱ्या गोष्टी, उजवीकडे तिथे कोण आहे, त्याला काय हवे आहे आणि त्याचे आकडे. पान उलटायला लावलेत की लेखक म्हणून तुम्ही हरलात.

ठिकाणासाठी दूर जायला नको. पन्हाळ्याची अंधारबाव डोळ्यांसमोर आणा: तीन मजल्यांची बांधणी, तळाशी पाणी, वर पहाऱ्याची जागा आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी चोरवाट. आत जायचा मार्ग एक, बाहेर पडायचा वेगळा, आणि मध्ये काळोख. नाव बदला, गड कल्पित ठेवा, परंतु रचना तीच घ्या. कोल्हापूरच्या वाचकाने ती जागा पाहिलेली असते, त्यामुळे पहिल्यांदा सूत्रधार होणाऱ्यालाही तिचे वर्णन करताना अडखळायला होत नाही.

पुस्तिका छापण्यापूर्वी ती अनोळखी माणसाच्या हाती द्या आणि तुम्ही त्या खोलीत थांबू नका. लेखक शेजारी बसला की सगळे नियम चालतात, कारण न लिहिलेला भाग तो तोंडाने भरून काढतो. करवीर नगर वाचन मंदिरासारखी, १८५० पासून चालत आलेली वाचनालये आपल्याकडे आहेत, विद्यापीठाची वसतिगृहे आहेत. अशा ठिकाणी परवानगी घेऊन रविवारी सकाळी टेबल मांडता येईल. गड फिरणारे गट तर सर्वांत उत्तम, कारण त्यांना अंधारात वाट शोधण्याची गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

---

उत्तर: परवान्यांचा अभ्यासक

मूळचा कसबा बावड्याचा, सध्या पुण्यात असतो. ताईंच्या सूचनेला या खेळाच्या इतिहासाचाही आधार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला व्यावसायिक खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये आणला, तो टीएसआर या गायगॅक्स यांच्या छोट्या कंपनीने एका पेटीत घातलेल्या तीन बारीक पुस्तिकांच्या रूपात. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती आणि ती संपायला साधारण वर्ष लागले. आज ज्या तीन जाडजूड ग्रंथांच्या नमुन्यावर आपण सगळे विचार करतो ते ग्रंथ नंतरचे: राक्षसांचा कोश १९७७ मध्ये, खेळाडूंचे पुस्तक १९७८ मध्ये आणि सूत्रधाराचे १९७९ मध्ये. त्याच १९७७ मध्ये नवशिक्यांसाठी एक वेगळी, सोपी पेटीही निघाली. म्हणजे खेळणारा समाज आधी तयार झाला आणि मग जाड पुस्तके आली, तीही वर्षाला एक या गतीने. शाहूपुरीकर साहेब शेवटच्या पायरीचे अनुकरण पहिल्या पायरीवर करू पाहत आहेत, असे मला नम्रपणे वाटते.

त्याच कंपनीची अखेरही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात टीएसआरने एकाच खेळासाठी अनेक निरनिराळी काल्पनिक जगे एकामागून एक बाजारात आणली. प्रत्येक जगाचा ग्राहक वेगळा होत गेला, एका जगाचा चाहता दुसऱ्याचे पुस्तक घेईना, आणि पुस्तकांच्या दुकानांत वितरकामार्फत गेलेला माल मोठ्या प्रमाणावर परत येऊ लागला. १९९७ मध्ये कर्जात बुडालेली ही कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळांच्या कंपनीने विकत घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने. काकांनी वर्णन केलेला मुडपलेल्या कोपऱ्यांचा प्रश्न लक्ष्मीपुरीपुरता नाही.

आता परवानगीविषयी. खेळाची पद्धत, म्हणजे दोन फासे टाका आणि बेरीज पाहा ही कल्पना, कॉपीराइटने बांधता येत नाही. ती ज्या शब्दांत मांडली आहे ते शब्द, चित्रे आणि नकाशे मात्र बांधलेले असतात. २००० मध्ये विझार्ड्सने आपल्या नियमांचा गाभा ओपन गेम लायसन्सखाली इतर प्रकाशकांना खुला केला. विचार सरळ होता: दुसऱ्यांनी साहसकथा लिहाव्यात, त्या खेळण्यासाठी लोकांनी मूळ नियमपुस्तक घ्यावे. साहसकथांत नफा थोडा आणि मेहनत पुष्कळ असते, ती मेहनत वाटली गेली. २००८ मध्ये चौथ्या आवृत्तीबरोबर त्यांनी जाचक परवाना आणला, तेव्हा पायझो या प्रकाशकाने जुन्या खुल्या नियमांच्याच आधारे २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतःचा खेळ काढला आणि तो मूळ खेळाचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी ठरला.

जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा तेच घडू लागले. नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला आणि त्यात साडेसात लाख डॉलरवरील उत्पन्नावर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागितले होते. लेखक आणि खेळाडू इतके खवळले की त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने माघार घेत पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश ४.० परवान्याखाली खुला केला. हा परवाना दिल्यावर मागे घेता येत नाही. त्यामुळे आज कोणीही तो गाभा योग्य श्रेय देऊन मराठीत आणू शकतो आणि विकूही शकतो. फक्त कंपनीची बोधचिन्हे आणि त्या गाभ्याबाहेरचा मजकूर वापरायचा नाही.

तुमचे नियम स्वतःचे आहेत, तेव्हा तुम्हाला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही आणि जाऊही नये, कारण साधे फासे हे तुमचे मोठे बलस्थान आहे. परंतु परवान्याचा तोच प्रकार तुम्ही उलट्या बाजूने वापरू शकता. पुस्तिकेतले पंधरा-वीस पृष्ठांचे नियम श्रेयनिर्देश परवान्याखाली खुले करावेत आणि राज्य, गावांची नावे, नकाशे, भुतांच्या कथा व चित्रे स्वतःकडे राखून ठेवावीत. मग कोणी चंदगडच्या जंगलातले साहस लिहील, कोणी विदर्भातले, आणि ते खेळण्यासाठी तुमची पुस्तिका लागेल. मराठीत सध्या या खेळाच्या लेखकांची वाण आहे, तिथे दार बंद ठेवून राखायचे तरी काय? फक्त एक पथ्य पाळावे: परवाना जाहीर करण्याआधी नियम पक्के झालेले असावेत, कारण खुला केलेला मजकूर परत बोलावता येत नाही.

---

उत्तर: मंगळवार पेठेतील चित्रकार

एका वेगळ्या मुद्द्याकडे लक्ष वेधतो. चित्रांचा उल्लेख सगळ्यांनी केला, करार कोणी बोलले नाही.

कोल्हापुरात चित्रकार शोधावा लागत नाही, ही बाबूराव पेंटरांची आणि आबालाल रहिमानांची नगरी आहे. परंतु आपल्याकडे काम तोंडी ठरते आणि हक्कांचा प्रश्न पुस्तक चालू लागल्यावर उभा राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता हक्क मिळतो, आणि एखादा हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो संपुष्टात येतो. पुस्तिकेसाठी घेतलेले वेताळाचे चित्र तीन वर्षांनी मोठ्या ग्रंथात, पत्त्यांवर किंवा परदेशी विकल्या जाणाऱ्या पीडीएफमध्ये वापरायचे असेल, तर ते आजच लिहून ठेवावे आणि त्याचा मोबदलाही आजच ठरवावा. मूळ चित्र चित्रकाराकडे राहील की नाही, तेही लिहावे. आमच्यासाठी तो दुय्यम प्रश्न नसतो.

शैलीबद्दल एकच सांगतो. सगळी पृष्ठे रंगीत करण्याच्या फंदात पडू नका. शाईच्या रेषेतील काळी-पांढरी चित्रे एकरंगी छपाईत उठून दिसतात, भुतांना तर काळोख शोभतोच. जुन्या दिवाळी अंकांत असायची तशी रंगीत चित्रांची चार पृष्ठे गुळगुळीत कागदावर मधोमध घाला. मध्ये पिन असल्यामुळे ती सुटी काढून टेबलावर नकाशा म्हणून पसरताही येतील.

---

शाहूपुरीकर

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. तीन खंड आणि पेटी हे दोन्ही विचार मी बाजूला ठेवत आहे. ६४ पृष्ठांची एकरंगी पुस्तिका, मध्ये रंगीत नकाशाची चार पृष्ठे आणि अंधारबावेच्या धर्तीवर एक साहस, एवढेच प्रथम करीन. नियम खुले करण्याची कल्पना पटली आहे, मात्र अनोळखी सूत्रधारांकडून चाचणी झाल्यावरच ते पाऊल उचलीन.

दोन गोष्टी अजून स्पष्ट होत नाहीत. पहिली अशी की आपल्याकडे मोठ्या ग्रंथांना प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेण्याची पद्धत आहे. ती करून मोठ्या ग्रंथाचे पैसे आत्ताच गोळा करावेत का? दुसरी गोष्ट पीडीएफची. ती मोफत द्यावी, विकावी की पुस्तिकेबरोबर जोडून द्यावी?

---

लक्ष्मीपुरीतील मुद्रक

मोठ्या ग्रंथासाठी आत्ता एक रुपयाही घेऊ नका. प्रकाशनपूर्व नोंदणी चांगली पद्धत आहे, परंतु ती छापखान्यात जायला तयार असलेल्या पुस्तकासाठी. तुमच्या मोठ्या ग्रंथाचे नियम चाचणीनंतर बदलणार, पृष्ठे बदलणार, पर्यायाने किंमत बदलणार. कागदाचा भाव वर्षभरात कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही, आणि जुन्या भावाने घेतलेली नोंदणी नव्या भावाने पुरी करताना प्रकाशकाचे कंबरडे मोडते. पुस्तिकेची नोंदणी अवश्य घ्या: अंतिम फाइल हातात आल्यावर महिनाभर, थेट तुमच्याकडे, यूपीआयने. जेवढी नोंदणी होईल त्यावर प्रतींची संख्या ठरवा. शंभराच्या आसपास राहिली तर डिजिटल छपाई करू, तीन-चारशेच्या पुढे गेली तर प्लेटांची ऑफसेट छपाई परवडेल. दुकानात ठेवण्याची घाई नको, थेट विक्रीत ती ४० टक्के सूट वाचते.

पीडीएफ मोफत देऊ नये, असे माझे मत आहे. फुकट मिळालेली वस्तू मोबाईलमध्ये साठते आणि कोणी उघडून पाहत नाही.

---

राजारामपुरीतील सूत्रधार

काकांशी इथे मी अर्धीच सहमत आहे. संपूर्ण पुस्तिकेची पीडीएफ मोफत नको, हे बरोबर. जो छापील प्रत घेईल त्याला ती सोबत द्यावी, कारण डावाच्या वेळी सूत्रधाराच्या हातात पुस्तिका आणि इतरांच्या मोबाईलवर पीडीएफ अशीच विभागणी होते. परंतु आयत्या भूमिकांचे कागद, नियमांचा दोन पृष्ठांचा सारांश आणि साहसाचे पहिले ठिकाण एवढे मोफत असलेच पाहिजे. पैसे देण्यापूर्वी अर्ध्या तासाचा डाव खेळून पाहता आला तर पाचातला एकजण सूत्रधार व्हायला पुढे येतो, आणि आपल्याला तोच हवा आहे.

दिवाळी अंकांचाही विचार करावा. दोन-तीन पृष्ठांत बसणारे, घरातल्या चार माणसांनी फराळानंतर खेळावे असे छोटे साहस एखाद्या संपादकाला दिले तर ते अशा घरांत पोहोचेल जिथे या खेळाचे नावही कोणी ऐकलेले नाही. त्यासाठी मजकूर पावसाळ्यातच द्यावा लागेल. पुस्तिका मात्र एप्रिलअखेर हाती यावी, म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत डाव लागतील.

---

परवान्यांचा अभ्यासक

पीडीएफच्या विक्रीबाबत थोडी भर घालतो. ड्राइव्हथ्रूआरपीजीसारख्या परदेशी संकेतस्थळावर फक्त तिथेच विकण्याचे कबूल केले तर लेखकाला ७० टक्के आणि इतरत्रही विकण्याची मुभा ठेवली तर ६५ टक्के मिळतात. इच डॉट आयओवर संकेतस्थळाला किती वाटा द्यायचा हे विक्रेता स्वतः ठरवतो. मराठी पुस्तिकेचा वाचक तिथे फारसा सापडणार नाही, तरी परदेशात राहणाऱ्या मराठी खेळाडूंसाठी इच डॉट आयओवर एक पान उघडून ठेवायला हरकत नाही. कराचाही एक बारकावा आहे: ज्या ई-पुस्तकाची छापील आवृत्ती उपलब्ध आहे त्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि जिची नाही त्यावर १८ टक्के. छापील पुस्तिका आधी काढण्याला हे आणखी एक कारण.

---

लक्ष्मीपुरीतील मुद्रक

ताईंचे म्हणणे मान्य, नमुना मोफत द्या.

अक्षरजुळणीविषयी मात्र आत्ताच बजावून ठेवतो. आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात. छापील पानावर ते अगदी नीट दिसते, परंतु त्याच फाइलची पीडीएफ काढून मोबाईलवर ‘मुंजा’ शोधले तर काहीच सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर भलतीच चिन्हे उमटतात. तुमची पीडीएफ खेळताना शोधण्यासाठीच असणार, शिवाय खुले केलेले नियम इतर लेखक उचलणार आहेत, तेव्हा पहिल्या दिवसापासून युनिकोडचा आग्रह धरा आणि जोडाक्षरे नीट उमटतात का ते छापून तपासा. शेवटी शब्दसूची द्या. मराठी पुस्तकांत ती सहसा नसते, तुमच्या पुस्तिकेत ती दोन पृष्ठे तरी लागेल, म्हणून साहस लिहितानाच तेवढी जागा सोडा. ६४ चे ६६ झाले तर मी ते चार फर्म्यांत बसवू शकत नाही. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना १९५४ च्या कायद्याप्रमाणे एकेक प्रत पाठवायची असते, ती संख्या छपाईच्या हिशेबात धरा.

चाचणीचे डाव झाल्यावर अंतिम पृष्ठसंख्या कळवा, मग डिजिटल आणि ऑफसेट दोन्हींची अंदाजपत्रके वेगवेगळी करून देतो. कागद ७० ग्रॅमचा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद, धरला आहे. मागची चित्रे पुढे उमटत असतील तर ८० चा घेऊ.